तिने तुम्हालाच का सांगितलं?

समजा, शनिवारची रात्र आहे. मेस बंद, रूममेट गावी, आणि तुम्ही वडापाव खात सिरीजचा चौथा एपिसोड लावलाय. तेवढ्यात मावसबहिणीचा फोन येतो. दोन वर्षांपूर्वी जिच्या हळदीत तुम्ही पाय दुखेपर्यंत नाचला होतात, तीच ताई. परीक्षा कधी आहे, मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, असं इकडचं तिकडचं बोलून होतं. मग ती जरा थांबते आणि म्हणते, ‘‘काही नाही, परवा भांडण झालं जरा. हात उचलला त्याने. आईला सांगू नकोस हं.’’

आता बोलायची पाळी तुमची.

आपण काय बोलतो ते बहुतेक ठरलेलं असतं. ‘‘का? झालं काय होतं पण?’’ ‘‘तू काही बोललीस का त्याला?’’ ‘‘भाऊजी? शक्यच नाही, किती शांत आहेत ते!’’ ‘‘मग सोड ना त्याला, कमावती आहेस तू.’’ ‘‘सरळ पोलिसांत जा.’’ आणि भाऊ असेल तर हमखास, ‘‘थांब, उद्याच येतो आणि दोन ठेवून देतो.’’ सगळी वाक्यं काळजीपोटीच येतात. पण यातल्या कुठल्याही वाक्यानंतर ताई म्हणू शकते, ‘‘जाऊ दे रे, झालं गेलं.’’ फोन ठेवते. आणि पुन्हा कधी सांगत नाही.

घरगुती हिंसा सोसणाऱ्या बाईला मदत कशी करावी, याचं आता एक नीट शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड सपोर्ट’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आघाताचं भान ठेवून केलेली मदत. हे काम समुपदेशकांचं, डॉक्टरांचं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण तिने पहिला फोन समुपदेशकाला केलेला नाही. तुम्हाला केलाय.

आणि हा फोन वाटतो तितका दुर्मिळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण चारात एक. म्हणजे तुमच्या प्रॅक्टिकल बॅचमधल्या प्रत्येकाने आपल्या दोन-तीन काकू-मावश्या, वहिन्या, ताया मोजल्या तर हिशेब कुठे जातो ते बघा. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो. ज्यांच्यावर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाली, त्यातल्या फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के जणी कुणाशी बोलल्याच नाहीत. ज्या थोड्या जणी बोलतात, त्याही आधी माहेरच्यांशी, नाहीतर सासरच्या एखाद्या माणसाशी, मैत्रिणीशी, शेजारणीशी बोलतात. पोलीस, डॉक्टर, वकील ही मंडळी त्या यादीत फार खाली आहेत.

पुण्यातल्या वाचकांना १९८२ सालची मंजुश्री सारडाची केस कदाचित आईवडिलांकडून ऐकून माहीत असेल. लग्नानंतर काही महिन्यांतच तिचा मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढे कोर्टात पुरावा म्हणून आली. खालच्या न्यायालयांनी तिच्या पतीला दोषी धरलं, पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुरावा अपुरा असल्याचं सांगून त्याची निर्दोष मुक्तता केली. लॉची मुलं हा निकाल आजही परिस्थितीजन्य पुराव्याच्या धड्यात शिकतात. कायदा बाजूला ठेवून एवढंच बघा: ती काही सांगत होती ते बहीण आणि मैत्रीण यांनाच. त्या मृत्यूनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेलं. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका तिथेच स्वतःचं सांगू लागल्या. मंचाने पुढे जे केंद्र सुरू केलं त्याचं नावच आहे ‘बोलते व्हा’.

बोलते व्हा, हे खरं. पण ऐकणाऱ्याचं काय?

कुकरची तिसरी शिट्टी

‘ट्रॉमा’ म्हटलं की आपल्याला हॉस्पिटलचा ट्रॉमा वॉर्ड आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. घाबरल्यावर शरीर काय करतं ते बारावीच्या बायोलॉजीत होतं: अ‍ॅड्रेनालिन, छातीत धडधड, लढा किंवा पळा. पुस्तकात एका ओळीत उरकलेली तिसरी गोष्ट म्हणजे गोठणं. लढताही येत नाही, पळताही येत नाही, तेव्हा शरीर थिजतं. मारहाण चालू असताना ‘ती ओरडली का नाही’ याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं.

हे एकदाच घडलं तर शरीर काही दिवसांनी पूर्ववत होतं. पण मारणारा माणूस त्याच घरात राहत असेल, तोच रात्री सॉरी म्हणत असेल, तोच मुलाला शाळेत सोडत असेल, तर शरीराला विश्रांतीच मिळत नाही. बाईक थांबल्याचा आवाज, लिफ्टचं दार, कुलपात फिरणारी किल्ली, चप्पल काढण्याची पद्धत, यावरून आज मूड कसा आहे हे तिला कळायला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला ती चिडचिडी, विसरभोळी, नाहीतर ‘अटेन्शन सीकर’ वाटते. खरं तर ती चोवीस तास पहाऱ्यावर असते.

अशा वेळी आठवणीही नीट क्रमाने साठत नाहीत. ती बटाटे चिरत होती, कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, त्याच्या शर्टाला हळदीचा डाग होता, हे सगळं तिला लख्ख आठवतं. वार कोणता होता ते आठवत नाही. सांगताना ती उलटसुलट सांगते. मागच्या वर्षीचं आणि परवाचं एकत्र करते. मध्येच हसते. कधी कोरड्या आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगते. चौकीत बसलेल्या माणसाला (आणि आपल्यालाही) वाटतं, हिचं काहीतरी जुळत नाहीये.

मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला आम्हाला कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं हे सहा प्रश्न पाठ करायला लावतात. बातमीसाठी ते बरोबरच आहेत. पण ताईच्या त्या फोनवर हे प्रश्न एकामागून एक आले की ती चौकशी होते. त्यातला ‘का’ सगळ्यात वाईट. ‘का मारलं त्याने?’ या प्रश्नात मारण्याला काहीतरी कारण असणार, हे आपण आधीच मान्य करून टाकलेलं असतं. आमच्या व्यवसायाची सवय इथे सांगायलाच हवी. ‘किरकोळ वादातून पत्नीला मारहाण’, ‘जेवण वेळेवर न दिल्याने मारहाण’ अशी शीर्षकं आम्हीच देतो. ‘न दिल्याने’ या एका शब्दात अर्धा गुन्हा तिच्या नावावर जमा होतो.

अमेरिकेतले मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी २००१ मध्ये ही दिशा बदलायचा आग्रह धरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मदत देणाऱ्या संस्थेने समोरच्या माणसावर आघात झालेला असू शकतो हे गृहीत धरून आपली प्रत्येक गोष्ट आखावी; दारावरच्या रखवालदारापासून फॉर्मवरच्या प्रश्नांपर्यंत. ‘हिचं बिनसलंय काय?’ असं न विचारता ‘हिच्यावर काय बेतलंय?’ असा विचार करून. हे ऐकायला सोपं वाटतं. आपल्या कुठल्याही सरकारी काउंटरसमोर दहा मिनिटं उभं राहून बघा, मग किती अवघड आहे ते कळेल.

वांद्र्याच्या हॉस्पिटलमधली खोली

आपल्याकडे मात्र हे काम त्याच्याही आधीपासून चालू होतं. साल २०००. मुंबईत वांद्रे पश्चिमेला महापालिकेचं के. बी. भाभा रुग्णालय आहे. तिथे महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ नावाचं केंद्र सुरू केलं. घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सरकारी रुग्णालयाच्या आतच चालणारं हे देशातलं पहिलं केंद्र.

रुग्णालयातच का? कारण जी बाई पोलीस स्टेशनची पायरी चढणार नाही, ती हात मोडला तर दवाखान्यात येतेच. ‘पडले’, ‘दाराला लागलं’, ‘चुकून उंदराचं औषध पोटात गेलं’ असं सांगते. कधी मोडलेलं काहीच नसतं. महिनोन्‌महिने डोकं दुखतं, झोप येत नाही, अंग ठणकतं आणि गोळ्यांनी बरं वाटत नाही. प्लास्टर घालून किंवा गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं की ती त्याच घरात परत जाते. म्हणून डॉक्टर, नर्स यांना ही लक्षणं ओळखायचं आणि एकांतात नीट विचारायचं प्रशिक्षण देण्यात आलं, आणि ‘मॅडमना भेटून जा’ म्हणून जिथे पाठवता येईल अशी एक खोली त्याच इमारतीत ठेवली. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. ‘दवाखान्यात जाऊन येते’ असं घरी सांगता येतं. केसपेपर हातात असला की कुणी संशय घेत नाही.

त्या खोलीत काय होतं, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे ‘समुपदेशन’ या शब्दाखाली बरेचदा ‘जुळवून घ्या’ हेच चालतं. नवराबायकोला समोरासमोर बसवायचं, दोघांना चार शब्द सुनावायचे, ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ म्हणायचं आणि समझोता लिहून घ्यायचा. दिलासाच्या पद्धतीत सुरुवातच इथून होते की मारहाणीची जबाबदारी मारणाऱ्याची आहे. तिने त्याच्याबरोबर राहायचं ठरवलं तरी मदत थांबत नाही. राहून सुरक्षित कसं राहता येईल यावर काम होतं. हे मॉडेल पुढे मुंबई महापालिकेच्या इतर रुग्णालयांत गेलं. केरळसारख्या राज्यानेही सरकारी रुग्णालयांत अशी केंद्रं सुरू केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जे हँडबुक काढलं, त्यातही साधारण हाच गाभा आहे: ऐका, तिला आत्ता काय हवंय ते विचारा, तिच्यावर विश्वास आहे हे कळू द्या, तिची सुरक्षितता वाढवा आणि पुढच्या मदतीशी तिला जोडून द्या. यातली एकही गोष्ट करायला सायकॉलॉजीची डिग्री लागत नाही. ताईच्या फोनवरही ती जमू शकते. ‘‘बरं झालं मला सांगितलंस. तुझी यात काही चूक नाही. आत्ता बोलणं सेफ आहे का? तुला माझ्याकडून आत्ता काय हवंय?’’ एवढंच. मग गप्प बसायचं. ती गप्प राहिली तरी गप्प बसायचं, आणि हेच आपल्या पिढीला सगळ्यात अवघड जातं, कारण दीड सेकंदाची शांतता झाली की आपण मीम पाठवतो.

‘सोड त्याला’ का नको?

यावर मैत्रिणींशी माझे बरेच वाद झालेत. त्यांचं म्हणणं, ‘‘म्हणजे काय, मार खात राहा म्हणायचं?’’ नाही. पण ‘सोड’ या सल्ल्यात दोन अडचणी आहेत.

पहिली सरळ जिवाची. अशा नात्यात बाई घर सोडते तो काळ आणि त्यानंतरचे काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. कारण मारण्याच्या मुळाशी राग असतो असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा तिथे ताबा असतो. पगार कुठे जातो, फोनचा पासवर्ड काय, माहेरी किती दिवस राहायचं, कुणाशी बोलायचं. हा ताबा सुटतोय असं दिसलं की तो माणूस शेवटचं टोक गाठू शकतो. त्यामुळे निघायचं असेल तर तयारीने निघावं लागतं. रागाच्या भरात रात्री साडेअकराला पाठीला सॅक लावून नाही.

दुसरी अडचण जरा सूक्ष्म आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचं ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हे पुस्तक १९९२ मध्ये आलं. त्यांचा मुद्दा असा की आघातात माणसाच्या हातातून सत्ता काढून घेतली जाते, म्हणून सावरण्याची सुरुवात ती सत्ता परत मिळण्यापासूनच होते. आता बघा. इतके दिवस तो सांगायचा, हे कर, ते करू नकोस. आता तुम्ही सांगताय, उद्याच तक्रार दे, इकडे निघून ये. तुमचा हेतू शंभर टक्के चांगला आहे. पण तिच्या बाजूने पाहिलं तर ठरवणारा माणूस फक्त बदलला. आणि तिने तुमचं ऐकलं नाही की आपण वैतागतो, ‘‘मग आता तुझं तू बघ.’’ नेमकं हेच त्याला हवं असतं. तुझ्यामागे कुणी नाही, हे तो तिला रोज सांगतच असतो.

ती परत जाईल. कदाचित दोनदा, तीनदा. मुलांची शाळा, भाड्याचं डिपॉझिट, धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, ‘लोक काय म्हणतील’, आणि हो, प्रेमही. यातलं काहीच खोटं नसतं. भाऊ म्हणून तुम्ही जाऊन ‘दोन ठेवून’ आलात तर तुम्ही रात्रीच्या गाडीने परत याल. तिने घरातलं सांगितलं, हे त्याला कळलेलं असेल आणि ती तिथेच असेल.

मात्र काही गोष्टी ऐकल्या तर नुसतं शांतपणे ऐकून चालत नाही. त्याने गळा दाबला असेल, अगदी एकदाच आणि खूण न उठताही, तर तो पुढच्या जीवघेण्या हल्ल्याचा फार गंभीर इशारा मानला जातो. आतून झालेली इजा काही तासांनीही त्रास देऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांकडे जाणं आवश्यक. जिवे मारायची धमकी, हत्यार, गरोदरपणात मारहाण, सततचा संशय आणि पाळत यांचंही तसंच. अशा वेळी ‘मला तुझी भीती वाटतेय’ असं स्पष्ट म्हणा. ती स्वतःला संपवायचं बोलत असेल तर तो विषय टाळू नका, थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही.

आणि सुरुवातीलाच ‘कुणालाच सांगणार नाही, शपथ’ असं वचन देऊन बसू नका. ‘तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण तुझ्या किंवा पिल्लूच्या जिवावर बेततंय असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि तसं तुला आधी सांगेन,’ हे जास्त खरं आहे. सकाळी सातला फोन करते म्हणालात तर सातलाच करा. ज्या घरात कुठल्याच शब्दाचा भरवसा नाही, तिथे सातला वाजलेला फोन खूप मोठा असतो.

डब्यात थालीपीठ

पाळायच्या गोष्टी फार साध्या आहेत, पण सुचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काळजीने ‘काय गं, परत मारलं का?’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज टाकणं ही आपली सगळ्यात सहज होणारी चूक. तो मेसेज कोण वाचेल सांगता येत नाही. त्याच्या लॅपटॉपवर तिचं व्हॉट्सअ‍ॅप चालू असू शकतं. शक्य असेल तेव्हा तिला ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आणि गुगल मॅपचं लोकेशन शेअरिंग बघायला सांगा. पण तिथेही घाई नको. अचानक सगळं बंद झालं तर त्याला संशय येतो. काय बंद करायचं आणि कधी, ते तिला ठरवू द्या. यूपीआयचे मेसेज कुणाच्या फोनवर जातात? आधारला कुणाचा नंबर जोडलेला आहे? तिचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर येत असेल तर ती स्वतःचं खातंही उघडू शकणार नाही. या भानगडी आईवडिलांच्या पिढीपेक्षा आपल्याला जास्त कळतात, तेव्हा इथे आपला खरा उपयोग आहे.

एक परवलीचं वाक्य ठरवा. ‘उद्या डब्यात थालीपीठ दे’ असा मेसेज आला की तुम्ही फोन करायचा, किंवा शेजारच्या काकूंना बेल वाजवायला सांगायची, किंवा पोलिसांना कळवायचं. यातलं नेमकं काय, तेही तिनेच ठरवायचं. आधार, पॅन, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, या सगळ्याचे फोटो तिच्या फोनऐवजी तुमच्याकडे असू देत. जखमांचे फोटो आणि केसपेपरही. वाद चढतोय असं वाटलं तर स्वयंपाकघरात थांबू नये, बाहेरच्या दाराजवळ राहावं. तिथे सुऱ्या असतात, गॅस असतो.

बेलचं म्हणाल तर ‘ब्रेकथ्रू’ संस्थेची २००८ ची ‘बेल बजाओ’ मोहीम आठवा. वरच्या मजल्यावरून आवाज आला की खालचा माणूस जाऊन बेल वाजवतो आणि काहीतरी क्षुल्लक मागतो. साखर, बॉल, पेपर. भांडण तेवढ्यापुरतं तुटतं आणि आत असलेल्याला कळतं, बाहेर ऐकू जातंय. तुम्ही पीजीत राहत असाल आणि भिंतीपलीकडून आवाज येत असतील, तर दोघांनी मिळून जा, भांडणात पडू नका, आणि धोका वाटला तर सरळ ११२.

कायदा फक्त बायकोसाठी नाही

हे आपल्या वयाच्या मुलींना माहीत असायला हवं म्हणून थोडं विस्ताराने. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात पत्नीबरोबर बहीण, मुलगी, आई, सून आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी जोडीदारही येते. म्हणजे कॉलेजात जाते म्हणून ज्या मैत्रिणीला भाऊ मारतो, तिलाही हा कायदा लागू होतो. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. लैंगिक जबरदस्ती, सततचा अपमान, पगार काढून घेणं, घरखर्च न देणं हेही त्यात आहे.

तिला घटस्फोट घ्यायचाच नसेल, नवऱ्याला तुरुंगात टाकायचंच नसेल, तरी हा कायदा वापरता येतो. फौजदारी तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. आधीचं ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. २००५ च्या कायद्याखाली ती कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा मागू शकते. घर कुणाच्या नावावर आहे याने राहण्याचा हक्क अडत नाही. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तिच्या वतीने त्यांना दुसरं कुणीही माहिती देऊ शकतं आणि सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे तिच्यापासून लपवू नका. खोटी आशा लावून तिला कोर्टात नेलं तर दुसऱ्याच तारखेला तिचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

पोलीस स्टेशनची भीती वाटत असेल तर ‘महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष’ शोधा. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हा प्रयोग सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आवारातच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. आज तो राज्यभर पसरलाय. २०१५ पासून सुरू झालेल्या सरकारी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायदेशीर, पोलिसांची मदत आणि साधारण पाच दिवसांपर्यंत राहायची सोय एका छताखाली मिळावी अशी रचना आहे. वकिलाच्या फीचं म्हणाल तर महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो.

आतापर्यंत आपण ताईबद्दल बोललो. पण हे वाचणाऱ्यांपैकी काही जणांच्या स्वतःच्या घरात हे चाललेलं असणार. दार आपटलं की दचकणारा, दिवाळीच्या सुट्टीतही हॉस्टेल सोडायला नको असलेला, सेमिस्टर मध्यावर आल्यावर अचानक गायब होणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात आहे. पूर्ण वर्गासमोर ‘अटेंडन्स का कमी?’ विचारणाऱ्या सरांना हे कोण सांगणार, माहीत नाही. प्रत्येक कॉलेजात महिला विकास कक्षाची पाटी असते. ती पाटी असलेल्या खोलीत दार लावून बसता येईल अशी जागा आहे का, हे आमच्या पिढीने मागायला हवं. रांगोळी स्पर्धेइतकं बजेट त्यालाही लागणार नाही.

आणि तुमचं काय? असं ऐकल्यावर झोप उडते, रागाने हात थरथरतात, आपल्या नात्यांकडेही संशयाने बघायला होतं. हे नॉर्मल आहे. ग्रुपवर टाकून हलकं व्हायचा मोह टाळा. नाव न घेता एखाद्या समुपदेशकाशी बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे. तिची एकमेव आधार होऊन बसू नका. तुमची परीक्षा असेल त्या आठवड्यात तिला फोन उचलणारं दुसरं कुणीतरी हवं, आणि ते कोण, हे तिला विचारूनच ठरवा.

नंबर तिला फॉरवर्ड करू नका, तुमच्याच फोनमध्ये सेव्ह करा: महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२, मोफत कायदेशीर मदत १५१००. तिला हवेच असतील तर ‘पार्लर’ किंवा ‘टेलर’ अशा नावाने सेव्ह करता येतात. फोन लावल्यावर कॉल लॉगमधून काढायला सांगा, आणि शक्य असेल तर तिने तो तुमच्या किंवा शेजारणीच्या फोनवरून लावावा.